शीतावरून भाताची परीक्षा

सिंगापूर, मॅक्सवेल फूड सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याच्या बऱ्याच टपऱ्या. सकाळचे साडेदहा.

बारा वाजता आसपासच्या कचेऱ्या सुटल्या की रांगा वाढतात, म्हणून खायला यायचं ते आत्ता. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं असेल तर जागा धरलेली समजायची. एसटीत रुमाल टाकतात तसंच.

पहिली थाळी हैनानी चिकन राईस. त्यातही आधी नुसता भात चाखायचा, कारण या पदार्थाचं खरं कसब भातात आहे. धुतलेला तांदूळ नीट निथळून कोंबडीच्या चरबीत आलं-लसणाबरोबर परततात आणि मग पाण्याऐवजी कोंबडीच्याच सुपात, पंदानचं पान घालून शिजवतात. आंबेमोहोराला सुवास देणारं द्रव्य या पानातही असतं, त्यामुळे वास ओळखीचा वाटतो. शीत न् शीत सुटं हवं, ओठांना किंचित तुकतुकी यावी, पण ताटलीत तेल साचू नये. तांदूळ ओला राहिला की तो परतला जात नाही, नुसता वाफाळतो आणि भात गिच्च होतो.

कोंबडी खळखळ उकळत नाहीत. आधण आलं की आच अगदी मंद करून, दीड किलोची असेल तर पाऊण तासाच्या आसपास ठेवतात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात. त्याने कातडी आवळते आणि तिच्याखाली जेलीसारखा थर धरतो. आच मोठी राहिली तर कातडी फाटते, छातीचं मांस चोथा होतं. ताटलीत कोंबडी कोमटच येते. ती शिळी नव्हे, रीतच तशी आहे. मिरचीच्या चटणीत लसूण, आलं, लिंबू आणि तेच सूप असतं. ती भातावर न ओतता तुकड्याला लावून खावी.

साडेअकरा. चाय तौ क्वे. पाटीवर ‘कॅरट केक’ लिहिलेलं असलं तरी यात गाजर नाही, पांढरा मुळा आहे. किसलेला मुळा आणि तांदळाचं पीठ वाफवून वडी करतात, मग तुकडे करून अंड्याबरोबर तव्यावर परततात. पांढरा प्रकार कडेने कुरकुरीत; काळ्यात गोडसर सोया सॉस. पहिल्यांदा पांढराच घ्यावा, गोडाखाली मुळा हरवतो.

शाकाहारी माणसाने इथे ‘मांस नको’ एवढंच म्हणून भागत नाही. तळायला डुकराची चरबी वापरलेली असू शकते आणि सांबल चटणीत सुकी कोळंबी असते. अशा वेळी लिटल इंडियातलं टेक्का सेंटर बरं, तिथे डोसा मिळतो.

शेवटी कोपी, म्हणजे इथली कॉफी. नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क घालून, बरीच गोड येते. ‘कोपी ओ’ बिनदुधाची पण साखरेची, ‘कोपी सी’ इव्हॅपोरेटेड मिल्कची, म्हणजे आटवलेल्या पण गोड न केलेल्या दुधाची. ‘सिऊ दाय’ म्हणजे साखर कमी, ‘कोसोंग’ म्हणजे अजिबात नको, ‘पेंग’ म्हणजे बर्फ घालून. भाजतानाच बियांना साखर आणि मार्जरीन लावतात, म्हणून काळ्या कोपीलाही करपलेल्या गुळासारखा वास येतो. ‘कोपी ओ कोसोंग’ मागवली की तो सगळ्यात स्वच्छ कळतो.

उठताना ट्रे आपणच ठरलेल्या रॅकवर नेऊन ठेवायचा. 2021 पासून ते बंधनकारक आहे.