पापड मऊ पडायचा

जूनचा दुसरा आठवडा, बाणावलीजवळचं एक हॉटेल. तक्रार उकाड्याची नव्हतीच. बँक्वेट हॉलमध्ये वाढलेला पापड पानातच मऊ पडतो आणि मीठदाणीतून मीठ सुटत नाही, असं मॅनेजरचं म्हणणं. हॉल तर २४ अंशांवर होता.

आमच्या एसीच्या धंद्यात तक्रार कसलीही असो, पहिल्या शिव्या पाणी गार करणाऱ्या चिलरला. तो बिचारा ७ अंशांचं पाणी बिनतक्रार देत होता. फिल्टर धुतले, बेल्ट ताणला, पाण्याची गाळणी म्हणजे स्ट्रेनर उघडला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे हे पाहिलं. तरी एएचयूतून, म्हणजे त्या गार पाण्यावर हवा थंड करून हॉलमध्ये सोडणाऱ्या यंत्रातून, हवा येत होती १६ अंशांची. हवी होती १३. हॉलमधल्या हवेचा दवबिंदूच, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो, १६ च्या आसपास. म्हणजे हवा गार होत होती, वाळत नव्हती. हवेतून निथळलेलं पाणी जातं त्या ड्रेनच्या नळीखाली लिटरची बाटली धरली, तर भरायला दहा मिनिटं. पावसाळ्यात गोव्यातली कॉइल, म्हणजे गार पाण्याच्या नळ्यांची ती जाळी, इतकी कंजूष नसते.

आमचे फिटर मिस्त्री पेडण्याचे, उभा जन्म पाइप जोडण्यात गेलेला. कॉइलभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सायबा, वारें खंयच्यान येता?" मी बोट दाखवलं. हवा शिरते त्या बाजूच्या हेडरचं, म्हणजे कॉइलच्या नळ्या जोडलेल्या जाड पाइपाचं, इन्सुलेशन थोडं सोलून त्यांनी तळहात टेकवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. हेडर गारठलेला.

तिथेच चूक होती. सहा ओळींच्या कॉइलमध्ये ७ अंशांचं पाणी आधी बाहेर पडणाऱ्या हवेच्या बाजूला शिरायला हवं आणि तापत तापत आत येणाऱ्या हवेकडे सरकायला हवं. इथे ताजं पाणी पहिल्याच ओळीत गरम हवेवर खर्ची पडत होतं. शेवटच्या ओळीत पोचेपर्यंत ते ११ अंशांचं. ते हवेला १३ वर कसं आणणार?

'इन'चा स्टिकर मात्र होता त्याच हेडरवर. एएचयू उजव्या हाताचा, म्हणजे पाइप उजवीकडून जोडायचा, आणि पाइप आलेले डाव्या भिंतीने. कुणीतरी कॉइलच उचलून फिरवली होती, आणि तिच्याबरोबर स्टिकरही फिरला. यंत्रणा तपासून चालू करून देतानाच्या, म्हणजे कमिशनिंगच्या कागदावर 'इन-आउट तपासले' यापुढे सही माझी. मीही स्टिकरच वाचला होता.

रात्री लाइन बंद करून पाइप कापले आणि अदलाबदल करून जोडले. आता पाणी वरून शिरून खालून निघणार, म्हणजे नेहमीच्या रिवाजाच्या उलट. कॉइलमध्ये हवा कोंडायची भीती. मिस्त्रींनी हवा सोडायचा वरचा व्हेंट पान्याने सैल केला. आधी नुसती फुसफुस, मग फेसाळ पाणी, मग सलग धार. तेव्हा कुठे आवळला.

पहाटे हवा १३ वर आली. तीच बाटली ड्रेनखाली धरली. अडीच मिनिटांत भरली.

"ओतून परत धरा," मिस्त्री म्हणाले.

परत धरली. अडीचच.