एक मॉनिटर, दोन कॉम्प्युटर: तुम्ही विचारलंत म्हणून

इंदुरात घरून काम करणारे वाढले, तसा हा प्रश्न मला मुंजीच्या पंगतीतही गाठतो. "मॉनिटर एक, कॉम्प्युटर दोन. ऑफिसचा लॅपटॉप दिसतो, घरचा पीसी लावला की 'नो सिग्नल'. मॉनिटर गेला का हो?"

नाही गेला. 'नो सिग्नल' ही अक्षरं तुम्हाला वाचता येतायत, म्हणजे पडदा शाबूत आहे आणि मागचा दिवाही. गडबड मॉनिटर आणि कॉम्प्युटर यांच्या बोलण्यात आहे. केबल जोडली की मॉनिटर आधी 'मी आहे' असं कळवतो. एचडीएमआयमध्ये, म्हणजे टीव्हीलाही असते त्या चित्राच्या जोडणीत, त्यासाठी एकोणिसाव्या क्रमांकाची पिन राखून ठेवलेली असते. मग कॉम्प्युटर मॉनिटरची कुंडली मागतो: बनावट कोणती, रेझोल्यूशन (पडद्यावरचे ठिपके) किती, सेकंदाला किती चित्रं झेपतील. ही कुंडली म्हणजे ईडीआयडी. तिचा मूळ तुकडा जेमतेम 128 बाइट्सचा, पण तो नीट वाचला गेला नाही तर कॉम्प्युटर भलतंच रेझोल्यूशन पाठवतो, नाहीतर काहीच पाठवत नाही. म्हणून मॉनिटरचं नुसतं बटण दाबून भागत नाही. प्लग भिंतीतून काढा, चहा होईपर्यंत तसाच राहू द्या, आधी मॉनिटर लावा, मग कॉम्प्युटर. विंडोज असेल तर विंडोजची कळ आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडलंय ना, तेही पाहून घ्या. अर्ध्याअधिक तक्रारी इथेच मिटतात.

उरलेल्यांतल्या पुष्कळ 'ऑटो सोर्स'च्या, म्हणजे चित्र कुठून घ्यायचं ते मॉनिटरनं आपणहून ठरवण्याच्या. लॅपटॉप झोपला की मॉनिटर केबल लावायच्या दुसऱ्या तोंडाकडे वळतो आणि लॅपटॉप जागा झाला तरी तिकडेच बघत बसतो. मेनूत जाऊन ऑटो बंद करा आणि सोर्स हातानं बदला. एक बटण जास्त दाबावं लागतं, पण डोक्याला ताप नाही.

आता केबल. लोकमान्य नगरात आमच्या एक वहिनी ऑनलाइन शिकवण्या घेतात. मॉनिटरला मागे एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट (चित्राचीच, पण वेगळ्या जातीची जोडणी). एचडीएमआय चिरंजीवांच्या गेमिंगच्या पीसीनं अडवलेलं, म्हणून त्यांनी लॅपटॉपसाठी एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डिस्प्लेपोर्ट अशी केबल आणली. दुकानदार म्हणाला होता, "दोनों तरफ चलेगी, मॅडम." लॅपटॉपवर चित्र काही येईना.

"भाऊजी, केबल तर अगदी घट्ट बसलीय हो!"

बसणारच. खटका दाबल्याशिवाय डिस्प्लेपोर्टचं टोक बहुधा निघतही नाही. पण ही केबल एकदिशामार्गी असते. कॉम्प्युटरचं डिस्प्लेपोर्ट बहुधा एचडीएमआयचीही भाषा बोलतं, म्हणून डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे साधी केबल चालून जाते. उलटं नाही. लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टात शिरायचं तर मधे सिग्नल खरोखर बदलणारा कन्व्हर्टर लागतो, आणि त्याला बहुतेकदा यूएसबीतून वेगळी वीज द्यावी लागते. वहिनींच्याकडे त्याचीही गरज पडली नाही. पीसीच्या ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे चित्रासाठी वेगळ्या बसवलेल्या कार्डावर, डिस्प्लेपोर्ट रिकामंच होतं. पीसी तिथून दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्ट असलेल्या केबलनं जोडला, एचडीएमआय लॅपटॉपला मोकळं झालं. चिरंजीवांनी थोडी कुरकूर केली, ती सोडून द्या.

ग्राफिक्स कार्डावरून आठवलं: पीसीची केबल कार्डावरच्या भोकात लावा, वरच्या मदरबोर्डाच्या (पीसीच्या मुख्य पाटीच्या) नव्हे. कार्ड असताना ती भोकं कितीतरी वेळा मुकी असतात. लॅपटॉपचं प्रत्येक टाइप-सी चित्र देतं असंही नाही. काही नुसती चार्जिंग आणि डेटापुरती. मोबाइलच्या चार्जरची केबल लावून तर बघूच नका. आणि फोर-के, म्हणजे जास्त बारीक ठिपक्यांच्या, पडद्यावर माउस ओढल्यासारखा चालत असेल तर वाटेत कुठेतरी बहुधा एचडीएमआय 1.4 या जुन्या आवृत्तीचं अडॅप्टर बसलंय. त्यावर फोर-के सेकंदाला 30 चित्रांच्या वर जात नाही. 60 साठी 2.0 पाहिजे.

"मग स्विच, म्हणजे दोन कॉम्प्युटर एका मॉनिटरला जोडणारी डबी, घेऊ का?" हा पुढचा प्रश्न. माझं मत विचाराल तर नका घेऊ. मॉनिटरला दोन तोंडं आहेत तोवर तोच स्विच. घ्यायचाच झाला तर इथल्या सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर 'स्प्लिटर' म्हणू नका. स्प्लिटर एका कॉम्प्युटरचं चित्र दोन पडद्यांना वाटतो, तुम्हाला हवंय ते नेमकं उलटं. कीबोर्ड-माउसही सामायिक पाहिजेत तर केव्हीएम (कीबोर्ड, पडदा, माउस तिन्ही बदलणारा स्विच) मागा, पण तो ईडीआयडी सांभाळून ठेवतो का, हे आधी विचारा. स्वस्तातला ठेवत नाही. तुम्ही इकडून तिकडे गेलात की मागच्या कॉम्प्युटरला वाटतं मॉनिटर उपटला, आणि परत याल तेव्हा उघड्या खिडक्या सगळ्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर ढीग होऊन पडलेल्या. नुसत्या कीबोर्ड-माउससाठी साधा यूएसबी स्विच बास झाला. चित्राच्या केबल्स जिथल्या तिथे राहू द्या.

एवढं करूनही एक तोंड मुकंच राहिलं, तर एचडीएमआयची चाचणी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सनं घ्या. केबलही त्याचीच वापरा. चित्र आलं तर दोष तुमच्या कॉम्प्युटरकडे किंवा तुमच्या केबलमध्ये. नाही आलं, तर मॉनिटर उचला आणि दुरुस्तीला न्या. जाताना पॉवर अडॅप्टर बरोबर घ्या, लोक तेवढंच नेमकं घरी विसरतात.