साइजप्रमाणे

फोर्टातल्या त्या हॉटेलाच्या मेन्यूकार्डात नीर डोशाचा भाव आहे, सोलकढीचा आहे, पाण्याच्या बाटलीचासुद्धा आहे. पापलेट, चिंबोरी आणि टायगर प्रॉन्सपुढे मात्र आकड्याच्या जागी नुसतं ‘साइजप्रमाणे’. बँकेत माझी सत्तावीस वर्षं गेली. रक्कम न भरलेला कागद मी कुणाला सही करू दिला नसता. तरी या हॉटेलात दीड वर्षात चारदा जेवून आले, आणि नवऱ्याचं म्हणणं असं की चारही वेळा घरी येऊन वेगवेगळं बोलले.

हॉटेलाचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

पहिल्यांदा गेले ती माझ्या प्रमोशनची पार्टी द्यायला. मंगळवार, दुपारचा एक. आम्ही तिघी. तळमजल्यावर, अगदी मागे, भटारखान्याच्या दाराजवळचं टेबल मिळालं तेव्हा जरा नाक मुरडलं होतं. पण त्या कोपऱ्यात अण्णा वाढतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं. साठी ओलांडलेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. कुंदापूरहून पोरवयात मुंबईत आले. दिवसा हॉटेलात टेबलं पुसायची आणि संध्याकाळी फोर्टातल्या कन्नड रात्रशाळेत जायचं, अशी शिकलेली ती पिढी. या भागातली कितीतरी मंगळुरी हॉटेलं मुळात साधी लंच होमंच. ऑफिसातल्या लोकांना दुपारी भात-माशाची कढी वाढणारी. मग काचा आल्या, एसी आला, वॅले पार्किंग आलं, आणि कढीचा भाव साइजप्रमाणे झाला.

मी सुरमई मागितली. अण्णा म्हणाले, “आज नको. बोंबील घ्या.” वेटर स्वतःहून स्वस्त पदार्थाकडे वळवतो, हे मी मोठ्या हॉटेलात पहिल्यांदा पाहिलं.

तो बोंबील अजून आठवतो. मधोमध चिरून काटा काढलेला आणि वजनाखाली नीट दाबून पाणी काढलेलं. इथेच बहुतेक हॉटेलं घाई करतात. पाणी राहिलं की वरचा रवा कुरकुरीत दिसतो, पण घास तोडला की आत लापशी. इथे बोटांनी तुकडा मोडताना कर्र असा आवाज आला, आणि आतलं मांस ओलं होतं, गळकं नव्हतं. मागोमाग कोळंबीची गस्सी, म्हणजे नारळाचा मंगळुरी रस्सा. ब्याडगी मिरचीचा तो विटकरी लाल रंग, चिंच बेताची, नारळ इतका बारीक वाटलेला की जिभेला कण लागत नव्हता. तिघींचं मिळून बिल ऐकून एक मैत्रीण म्हणाली, “प्रमोशन परत कर.” पण हसत म्हणाली.

याच भरवशावर आईची पंचाहत्तरी तिथे करायची ठरवली. चूक तिथे झाली.

२० जुलै २०२४, शनिवार. आमच्याकडे शनिवार पाळत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा असल्याने मासे खायचे तर आजच. आठचं रिझर्वेशन होतं, नऊला दहा कमी असताना आत घेतलं. तोवर पंचाहत्तर वर्षांची बाई दरवाजाजवळच्या स्टुलावर, पावसात भिजलेल्या छत्र्यांच्या बादलीशेजारी. टेबल वरच्या मजल्यावर. वर आरसे, निळे दिवे, छातीत धडधडेल असं संगीत, आणि वाढायला कानात यंत्र घातलेली पोरं.

पोराने सांगितलं, “पापलेट एकदम फ्रेश आहे मॅडम, आज सकाळीच ससून डॉकवरून आलंय.”

माझी आई समुद्रकाठच्या रेवदंड्याची. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “कुठल्या बोटीतून?”

पोराला प्रश्नच कळला नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, एकसष्ट दिवस. मासे अंडी घालतात, समुद्रही खवळलेला असतो. पापलेट आलं असेल तर ते बर्फातलं असणार किंवा पूर्व किनाऱ्यावरचं. तिकडची बंदी १४ जूनलाच संपते. बर्फातलं वाढू नका असं कोण म्हणतंय? पण त्याला ‘आज सकाळचं’ म्हणू नका. ज्या माशाला २०२३ मध्ये सरकारने राज्याचा मासा म्हणून मान दिला, त्याच्याबद्दल निदान महाराष्ट्रात तरी थाप मारू नये.

मग चिंबोरी आली, म्हणजे दाखवायला. स्टीलच्या ताटात जिवंत, नांग्या सुतळीने बांधलेल्या. शेजारच्या टेबलावरच्यांनी तिचा व्हिडिओ काढला. पोरगा म्हणाला, “सव्वा किलो.” आईने ती उचलली, उलटी केली, पोटाच्या कडेला अंगठ्याने दाबून पाहिलं आणि ताटात ठेवली. “उद्या पुनव. पोकळ आहे.”

पुनवेला चिंबोरी पोकळ आणि अवसेला भरलेली, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. शास्त्राचं मला विचारू नका, आईच्या अंगठ्याचं मी सांगते. पण वाढदिवस होता, नातू हट्टाला पेटला होता, म्हणून मीच म्हटलं, “करा, बटर गार्लिक.” भाव विचारायचाही राहिला. आली ती लोण्यात पोहत, वर लसूण इतका की चिंबोरीची चव शोधावी लागली. नांग्या फोडल्या तर आत चिमूटभर मांस आणि बाकी पाणी. एवढ्या मोठ्या कवचात एवढंसं. नातवाने शेवटी नीर डोसा लोण्यात बुडवून पोट भरलं.

नीर डोसाही गार होता. आईने तो उजेडात धरला. “घावन बरं जमलंय. तव्यावरून इथवर यायला बोट लागली वाटतं.”

बिलात त्या एका चिंबोरीची किंमत पाहून नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी आरशात पाहिलं, आरशात पुन्हा नवराच.

इतकं झाल्यावर शहाण्या माणसाने पुन्हा पाऊल टाकलं नसतं. पण ऑफिस समोर, आणि गस्सीची आठवण मागे. एप्रिल २०२५ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर दुपारी गेले. तळमजला भरलेला, पुन्हा वर. जेवण बरं होतं, तक्रार नाही, कौतुकही नाही. खरं सांगायचं तर काय खाल्लं ते आठवत नाही. बिल मात्र पाठ आहे. पदार्थांचे ४,२६०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ४२६. त्या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, २३४ रुपये ३० पैसे. एकूण ४,९२० रुपये ३० पैसे. म्हणजे जो सर्व्हिस चार्ज देणं माझ्या मर्जीवर आहे, त्याच्यावर करही माझ्याकडूनच.

नुकताच, २८ मार्चला, दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला होता की हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज सक्तीने लावायचा नाही. जुलै २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सूचना काढल्या होत्या, त्याच कायम केल्या. मी शांतपणे मॅनेजरला म्हटलं, एवढं काढून द्या. तो म्हणाला, “मॅडम, हा स्टाफसाठी असतो.” आवाज असा लावला की आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जावं. माझे दोन सहकारी, कर्जवसुलीत मुरलेले, अचानक बडीशेप निवडायला लागले. मी म्हटलं, “स्टाफला मी देईन, तुम्ही बिल बदला.” बदललं. ४,४७३ झालं. पण वीस मिनिटं लागली, आणि जिना उतरताना पाठीवर नजरा जाणवत होत्या.

चौथ्यांदा गेले ते आईच्याच आग्रहामुळे. “तो खालचा अण्णा दाखव, तू फार सांगतेस.” नोव्हेंबरातला बुधवार, बारा वाजताच गाठलं, मागचं टेबल रिकामं. आई बसल्या बसल्या म्हणाली, “पापलेट आधी बघेन.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी काही न बोलता आत जाऊन ताट आणलं. दोन पापलेटं, हाताच्या पंज्याएवढी. आईने एकाच्या कल्ल्यापाशी अंगठा दाबला. पांढरं, दुधासारखं पाणी आलं. दुसऱ्याचंही तसंच. ते लालसर असतं तर उठलीच असती.

“किती?” तिने विचारलं.

अण्णांनी वजन सांगितलं, भाव सांगितला, आणि खिशातल्या पेनाने कागदाच्या रुमालावर गुणाकार करून तो रुमाल आईपुढे ठेवला. साइजप्रमाणे म्हणजे काय, ते मला दीड वर्षाने कुणीतरी लिहून दाखवलं.

“भाजून नको,” आई म्हणाली. “तव्यावर. मसाला कमी.”

“अम्मा, मीठ-हळद-लिंबू फक्त,” अण्णा म्हणाले.

पापलेट संपेपर्यंत ती बोलली नाही. काटा ताटाच्या कडेला सरळ, शेपटीसकट, एका ओळीत लावून ठेवला. मग भिजवलेले तांदूळ वाटताना नारळ घालायचा का यावर दोघांचं बराच वेळ चाललं. घावनात पीठ, नीर डोशात वाटण, एवढ्यावर एकमत झालं.

बिल आलं. खाली सर्व्हिस चार्ज होताच, दहा टक्के. मी पेन काढलं, मग अण्णांनाच हळू आवाजात विचारलं, “हे तुम्हाला मिळतं का हो?”

अण्णांनी मॅनेजरच्या काउंटरकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. बडीशेपेची वाटी आईपुढे सरकवली.

“खडीसाखर आणतो,” म्हणाले, आणि आत गेले.