तुम्ही विचारलंत म्हणून: कर्नल शिकायचा तर सुरुवात कुठून करायची?

“ताई, कर्नल शिकायचंय. कुठलं पुस्तक घेऊ?”

परवा भांडुपला गाडीत चढलेल्या एका मुलीनं हे विचारलं. माझ्या लॅपटॉपवरचा लिनक्सचा पेंग्विन तिला दिसला होता. त्याआधी भाच्यानं विचारलं, त्याआधी ऑफिसात नव्यानं लागलेल्या दोघांनी. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि कर्नल म्हणजे तिचा गाभा: प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळ्या प्रोग्रॅमना वाटून देणारा. मी त्यावर काम करते, म्हणून विचारतात. प्रत्येकाच्या फोनमध्ये लिंकांची लांबलचक यादी असते. यादीतलं बहुतेक सगळं चांगलं असतं, आणि तरी तीन महिन्यांनी भेटले की ते पहिल्याच पानावर असतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर असं: एक लहानसा कर्नल घ्या, आणि तो आपल्या मराठीत दुसऱ्याला सांगता येईपर्यंत सोडू नका.

मी स्वतः उलट्या बाजूनं शिरले होते. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी फोर्टच्या फुटपाथवरून ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ची तिसरी आवृत्ती घेतली. (ड्रायव्हर म्हणजे एखादं उपकरण चालवणारा कर्नलचा भाग.) पुस्तक २००५ चं, २.६.१० या कर्नलवर बेतलेलं. त्यातलं उदाहरण जसंच्या तसं टाइप केलं तर कंपाइलच होईना. दोन आठवडे मला वाटत होतं की चूक माझीच आहे. खरं कारण वेगळं होतं. ड्रायव्हरनं आपली फंक्शनं कर्नलला कळवायला भरायच्या रचनेतला ‘आयऑक्टल’चा, म्हणजे उपकरणाला खास हुकूम देण्याचा, जुना खाना २.६.३६ मध्ये काढून टाकला होता. आज तेच पुस्तक उघडलंत तर टायमरचंही उदाहरण चालणार नाही, कारण ते फंक्शन २०१८ च्या ४.१५ मध्ये गेलं. बाहेरच्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द लिनक्स कसोशीनं पाळतो, पण आतली फंक्शनं बदलायची मुभा त्याच्या कर्त्यांनी जाणूनबुजून स्वतःकडे ठेवली आहे. म्हणून पुस्तक वाईट नाही, फक्त ते पहिलं नव्हे. शिवाय लिनक्समध्ये आता तीन कोटींहून जास्त ओळी आहेत, आणि त्यातला मोठा भाग ड्रायव्हरांचा. त्यात नवखा माणूस कुठेही शिरला तरी हरवणारच.

लहान कर्नल म्हणजे माझ्या मते एक्सव्ही६. हा एमआयटीचा, म्हणजे पुण्याच्या नव्हे, अमेरिकेतल्या एमआयटीचा. तिथं २००६ मध्ये शिकवण्यासाठीच तो लिहिला गेला. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीची घडण त्यात आजच्या सी भाषेत उतरवली आहे. २०१९ पासून तो रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालतो. सगळा कर्नल दहा हजार ओळींच्या आत, आणि सोबत शंभरेक पानांचं पुस्तक, फुकट. आपल्या पवईच्या आयआयटीतही हा विषय शिकवताना एक्सव्ही६ वापरला गेला आहे. त्या तासांच्या चित्रफिती आणि टिपणं कुणालाही पाहता येतात. सोबतीला ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स: थ्री ईझी पीसेस’ ठेवा. तेही फुकट, आणि त्याचं इंग्रजी इतकं सोपं आहे की मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी मुळीच बिचकू नये. मीही त्यांच्यातलीच.

‘लॅमिंग्टन रोडवरून कुठला बोर्ड आणू?’ हे दुसरं ठरलेलं विचारणं. बोर्ड, म्हणजे एकाच पट्टीवरचा छोटा संगणक, अजून आणू नका. बोर्ड मेला की का मेला ते सांगत नाही, नुसता काळा पडदा. क्यूएमू या प्रोग्रॅममध्ये अख्खं यंत्र सॉफ्टवेअरमधून उभं राहतं, आणि जीडीबी हा डीबगर जोडला की कर्नल हव्या त्या ओळीवर थांबवून आत काय आहे ते बघता येतं. साधा जुना लॅपटॉप पुरतो.

आता खरं काम. कर्नल वाचून फारसा कळत नाही, मोडून कळतो. पहिला प्रयोग सांगते. एक्सव्ही६च्या ट्रॅपच्या फाइलमध्ये दोन ओळी आहेत: घड्याळाचा इंटरप्ट (हातचं काम थांबवायला लावणारा इशारा) आला असेल तर ‘यील्ड’, म्हणजे चालू प्रोसेसनं (चालत असलेल्या प्रोग्रॅमनं) प्रोसेसर सोडून दुसऱ्याला द्यायचा. तिथल्या दोन्ही फंक्शनांतल्या त्या ओळी बंद करा. नुसता लूप फिरवत बसणारा एक प्रोग्रॅम लिहा. क्यूएमूला एकच प्रोसेसर द्या आणि तो प्रोग्रॅम पार्श्वभूमीला चालू करा. शेल, म्हणजे आपल्या कमांड घेणारा प्रोग्रॅम, गोठतो. इतकं अपेक्षितच आहे. पण आता काहीतरी टाइप करून बघा. अक्षरं पडद्यावर उमटतात! कमांड मात्र चालत नाही.

असं का, यावर एक रात्र घालवा. कुणाला विचारू नका. कीबोर्डचा इंटरप्ट अजून चालू आहे. अक्षर पडद्यावर उमटवण्याचं काम कर्नल तो इंटरप्ट हाताळतानाच उरकतो, मग प्रोसेसरवर कुणीही असो. शेल मात्र स्वतः एक प्रोसेस आहे, त्याची पाळी यावी लागते, आणि पाळी देणारी ओळ तुम्हीच बंद केलीय. एंटर दाबून मग कंट्रोल-पी दाबा. प्रोसेसची यादी येईल. शेल चालायला तयार म्हणून उभा आहे, लूप चालू आहे. ती यादी छापण्याचं कामही इंटरप्टमध्येच होतं, म्हणूनच ती दिसते. प्रोसेस, इंटरप्ट आणि पाळी ठरवणारा शेड्युलर यांच्यातला फरक मला चार प्रकरणांपेक्षा या एका गोठलेल्या पडद्यानं जास्त शिकवला.

आणि मराठीत सांगायचं म्हणते ते का? आमचं बिऱ्हाड गिरगावातल्या चाळीत होतं. मजल्याच्या टोकाला दोन संडास, बिऱ्हाडं बारा. नोकरी लागल्यावर एकदा आईनं विचारलं, दिवसभर करतेस तरी काय? त्या आठवड्यात मी लॉक वाचत होते, तेच सांगायला बसले. संडासाची कडी म्हणजे लॉक. दार मोकळं आहे हे बघणं आणि आत शिरून कडी लावणं एका दमात व्हायला हवं, नाहीतर दोघांना एकाच वेळी दार मोकळं दिसेल. प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सूचना असते, जुनी किंमत वाचून त्याच क्षणी नवी लिहिणारी. बाहेरच्याला दोन वाटा. बालदी घेऊन दाराशीच उभं राहायचं, सारखं बघत, की उघडलं का: हा स्पिनलॉक. किंवा शेजारच्या पोराला सांगायचं, रिकामं झालं की हाक मार, आणि घरी जाऊन पडायचं: हा स्लीपलॉक. काम क्षणभराचं असेल तर उभं राहणं परवडतं. डिस्कसारखं वेळखाऊ असेल तर घरी जाणं बरं.

आई म्हणाली, “मग लोक दाराशी उभे असताना आतल्यानं झोपायचं नाही, हे आलंच की.”

स्पिनलॉक हातात असताना झोपू नये, हा नियम मी आठवडाभर पाठ करत होते. आईला तो कुणी सांगितलाच नव्हता. तेव्हापासून माझी कसोटी हीच. ज्या भागाचं मला असं मराठी करता येत नाही, तो मला अजून समजलेला नाही. वहीत टिपणं मराठीतच काढते. पेज टेबल, इंटरप्ट हे शब्द तसेच राहू देते, पण ‘मग काय होतं’ आणि ‘का’ हे मराठीत.

दुसऱ्याला समजावून सांगण्याची ही परंपरा या विषयात जुनीच आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स या प्राध्यापकांनी १९७६-७७ मध्ये त्याच सहाव्या युनिक्सचा अख्खा सोर्स, म्हणजे मूळ कोड, छापून त्यावर ओळीओळीनं भाष्य लिहिलं. पुढे परवान्याच्या अटींमुळे तो सोर्स वर्गात शिकवता येईना, तेव्हा मुलांनी प्रतीच्या प्रती झेरॉक्स करून वाचल्या. राजरोस पुस्तक १९९६ मध्ये आलं. एक्सव्ही६ येण्याआधी एमआयटीतही त्यावरच शिकवत.

सी भाषेबद्दल थोडंच. पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते धरून ठेवणारे व्हेरिएबल, कच्चे असतील तर आधी ते. कर्नल अवघड म्हणून सोडणारी बरीच मुलं खरं तर पॉइंटरांपाशी अडलेली असतात, आणि ते कुणी त्यांना सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एक्सव्ही६ला चार-सहा महिने द्या. मग लिनक्स. सोर्सच्या आतली डॉक्युमेंटेशनची फोल्डर, सोर्समध्ये एका फंक्शनावरून दुसऱ्यावर उडी मारू देणारं एलिक्सरचं संकेतस्थळ, आठवड्याला एलडब्ल्यूएन या लिनक्सविषयक संकेतस्थळाचे लेख, एवढं पुरे. स्वतःचं लहानसं मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलला जोडता-काढता येणारा तुकडा, क्यूएमूमध्ये चढवा, उतरवा. पहिला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, पाठवायला ड्रायव्हर्समधलं ‘स्टेजिंग’ बरं. तिथलं कोड मुद्दाम सुधारणेसाठी ठेवलेलं असतं. नुसत्या स्पेसा दुरुस्त करण्यात मात्र वर्ष घालवू नका. एकदा पद्धत कळली की खरा बग शोधा.

पॅच साध्या मजकुराच्या ईमेलनं जातो. आधी चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालवा. कुणाला पाठवायचा ते सोर्समधलीच स्क्रिप्ट सांगते. उत्तरात दहा चुका येतील, तोडक्या शब्दांत. ते वाचून माझा चेहरा पहिल्यांदा उतरला होता, पण कुणीतरी माझी प्रत्येक ओळ वाचली होती. तुमचाही पॅच परत येईल. चुका दुरुस्त करा, ईमेलच्या विषयात व्ही२ (दुसरी आवृत्ती) लिहा, पॅचमधल्या तीन रेघांच्या (---) खाली काय बदललं ते लिहा, आणि पाठवा.