क्रोशाची झालर: रुमालातली चूक, गळ्यातलं शिल्प

क्रोशाच्या कामाचा आकार ठरतो एकाच हिशेबावर: प्रत्येक ओळीत टाके किती वाढवले. गोल रुमाल विणणाऱ्या बाईच्या हाताला हे पाठ असतं. मुक्या खांबाने (क्रोशाच्या साध्या, आखूड टाक्याने) विणताना दर फेरीत 6 टाके वाढवले की काम सपाट बसतं: 6, 12, 18, 24. कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की कड लाटा घेऊ लागते. रुमालात ही चूक, पण क्रोशाची शिल्पं आणि अंगावर घालायच्या कलाकृती करणाऱ्यांना नेमकी तीच हवी असते.

फरक एवढाच की बेरजेऐवजी गुणाकार करायचा. दर फेरीत ठरावीक 6 न वाढवता दर चौथ्या टाक्यात दोन टाके घालत गेलं, तर प्रत्येक ओळ आधीच्या सव्वापट होते. मग काम सपाट बसूच शकत नाही, ते वळत, दुमडत जातं. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी 1997 मध्ये याच पद्धतीने हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे सगळीकडे खोगिरासारखा वळलेला पृष्ठभाग, विणून दाखवला. त्याआधीची कागदाची प्रारूपं हाताळताना फाटायची. मार्गारेट आणि ख्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी 2005 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हेच तंत्र घेऊन क्रोशाचे प्रवाळ विणायला सुरुवात केली. 2019 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनापर्यंत ते काम पोहोचलं. त्यांनी वाढीचा दर मुद्दाम कमीजास्त केला आणि तिथेच गणिताचं प्रारूप जिवंत दिसू लागलं. नव्याने सुरू करणाऱ्याने मात्र आधी एकच दर शेवटपर्यंत पाळावा. हात बसल्याशिवाय मोडतोड केली तर ती नुसती गचाळ दिसते.

गळ्यात घालायच्या झालरीचा हिशेब असा. 3.5 मिमीची सुई, मध्यम जाडीचा सुती दोरा, 10 सेमीत 18 टाके. गळ्याभोवती 40 सेमी हवेत म्हणून पायाचे टाके 72. मागे बटण लावायचं असल्यामुळे गोल न विणता उलटसुलट ओळी घालायच्या. दर चौथ्या टाक्यात वाढ, ओळीच्या शेवटी उरलेले एक-दोन-तीन टाके साधे. पुढच्या दहा ओळी अशा येतात: 90, 112, 140, 175, 218, 272, 340, 425, 531, 663. एकूण 2966 टाके. रुंदी मात्र जेमतेम 5 सेमी! यातले निम्म्याहून जास्त टाके शेवटच्या तीन ओळींत आहेत. सातवी ओळ संपली तेव्हा वापरलेला दोरा पाहून «आता थोडंच राहिलं» असं वाटतं आणि लॉट (एकाच वेळी रंगवलेला दोरा) संपला की नेमका तोच रंग पुन्हा मिळत नाही. म्हणून आधी 20 टाके विणून उसवावेत, दोरा मोजावा. टाक्याला 4 सेमी लागत असेल तर सुमारे 119 मीटर झाले, वर शेपटांसाठी, म्हणजे दोऱ्याच्या सुट्या टोकांसाठी, थोडा जास्त.

पायाची साखळी आवळून आली तर झालर गळ्याला काचते आणि कडेला निष्कारण गोळा होते. साखळी अर्धा मिमी मोठ्या सुईने घालावी. सुती दोरा वजनाने लोंबतो, तेव्हा पायाच्या मागून पातळ फीत शिवून घ्यावी, म्हणजे ताण फितीवर येतो. दोरा जोडताना गाठ मारून कात्री चालवू नये. 15 सेमी शेपूट ठेवून ते उलटसुलट दोन्ही दिशांनी ओवावं, नाहीतर दोनदा घातल्यावर गाठ पुढच्या बाजूला डोकावते.

उभं राहणारं शिल्प हवं असेल तर लेबलवर सांगितलेल्यापेक्षा बारीक सुई घ्यावी, म्हणजे आत भरलेला कापूस दिसत नाही. कडेला ताठपणा हवा असेल तर ॲल्युमिनियमची मऊ तार कडेवर धरून तिच्यावरूनच शेवटची ओळ विणावी. तारेची टोकं वळवून बंद केली नाहीत तर ती टाक्यांतून बाहेर येऊन टोचतात. अंगावरच्या वस्तूत हे अजिबात चालणार नाही.

कांजी सुती दोऱ्यालाच धरते. ॲक्रिलिक ती पीत नाही आणि ते कडक करायला इस्त्री लावली तर टाके कायमचे चपटे होतात. पांढरा गोंद आणि पाणी निम्मं निम्मं मिसळून लावल्यास आकार बराच टिकतो, पण ती कड मानेला खरखरीत लागते, तेव्हा हा उपाय भिंतीवरच्या कामापुरता ठेवावा. कांजीचं काम कोकणातल्या पावसाळ्यात मऊ पडतं, त्यावर बुरशी धरते आणि झुरळंही लागतात. जूनच्या आधी ते धुऊन, कांजी पूर्ण काढून, कडक उन्हात वाळवून सुती कापडात बांधून ठेवावं. पुन्हा कांजी दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर.