तुम्ही विचारलंत म्हणून: तो खडा खरंच पेटतो का?

वेशभूषेचे फोटो दाखवले की हा प्रश्न हमखास येतो. नाही, पेटत नाही. जादूगाराच्या हातातल्या काठीवरचा तो खडा फोमचा आहे, रंगवलेला. उजेड मी नंतर फोटोशॉपमध्ये भरते, गिंप या फोटो सुधारायच्या मोफत प्रोग्राममध्येही होतो. लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग आम्ही केला की वरून चिकटवल्यासारखा का दिसतो?"

कारण बहुतेक जण सगळी मेहनत खड्यावरच करतात. उजेड खरा वाटतो तो ज्या गोष्टींवर पडतो त्यांच्यामुळे.

आधी फोटो काळोखा करा. दुपारच्या उन्हात पणती लावली तर कोणाला दिसणार? कर्व्ह्जने, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करायच्या सोयीने, मी सगळा फोटो संध्याकाळइतका काळोखा करते, सावल्या किंचित निळसर करते. हे करायला लोक कचरतात आणि तिथेच फसतं.

चकाकीचं काम त्यामानाने सोपं. काळ्या रंगाने भरलेला नवा लेअर (फोटोवर ठेवलेला वेगळा थर) घ्यायचा, तो खालच्या फोटोत कसा मिसळेल ते ठरवणारा मोड ‘स्क्रीन’ ठेवायचा. स्क्रीनमध्ये काळा दिसतच नाही, फक्त उजळ भाग खालच्या फोटोत मिसळतो. खड्याचा आकार रंगवायचा, लेअरच्या तीन प्रती काढायच्या आणि प्रत्येकीला गॉसियन ब्लर, म्हणजे कडा धूसर करणारा फिल्टर, वेगळा द्यायचा. 24 मेगापिक्सेलच्या फोटोला मी साधारण 10, 40 आणि 150 पिक्सेलपासून सुरुवात करते. गाभा मात्र जवळजवळ पांढराच हवा. खूप तेज असलं की कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग भरून जातात, म्हणून रंग उरतो तो कडेला. सगळा खडा निळाशार भरला की तो प्लास्टिकचा दिसतो.

आता खरं काम. काठी धरलेल्या अंगठ्याची आतली कड बघा. खड्याचा उजेड पहिल्यांदा तिथे लागणार, मग बोटांच्या पेरांवर, मग हनुवटीखाली. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, त्यामुळे हात झगझगीत, छाती मंद आणि गुडघ्यावर जवळपास काहीच नाही. कापडही बघावं लागतं. सॅटिनच्या चुणीवर बारीक, धारदार रेघ उमटते. मखमल उजेड पिऊन टाकते. डोळ्यांच्या बुबुळात एकेक इवलासा ठिपका ठेवते मी. त्याने चेहरा जिवंत होतो, तो कधीही चुकवू नका.

चकाकीत पट्टे पट्टे दिसत असतील तर फाइल बहुधा 8 बिटची असणार. तिच्यात प्रत्येक रंगाच्या फक्त 256 पायऱ्या असतात. 16 बिटमध्ये काम करा आणि शेवटी थोडं ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा, घाला.

फोटो अजून काढायचा असेल, तर खड्याच्या जागी छोटा एलईडी धरून एक जादा फ्रेम घ्या. नाकाची सावली कुठे पडते, कवचाची कोणती कड उजळते, हे सगळं त्यात मिळतं. मला स्वतःला ही सवय फार उशिरा लागली.

आणि शेवटी एकदा खड्यावरचे चकाकीचे लेअर बंद करा, हातावरचा आणि चेहऱ्यावरचा उजेड तेवढा राहू द्या. तरीही नजर त्या खड्याकडेच गेली, तर फोटो झाला.