तुम्ही विचारलंत म्हणून : वानवानच्या आतला माणूस

जपानी भाषेच्या माझ्या वर्गात दरवर्षी एक प्रश्न येतो, आणि तुम्हीही तोच विचारलात : आत माणूस आहे हे ठाऊक असताना, त्या पोशाखातल्या कुत्र्याला तुम्ही इतक्या तन्मयतेने कसे पाहता?

त्या कुत्र्याचे नाव वानवान. आपली मुले कुत्र्याला 'भूभू' म्हणतात, तशी जपानी मुले 'वानवान' म्हणतात. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या वाहिनीवर १९९६ साली सुरू झालेल्या 'इनाइ इनाइ बा!' या, दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी असलेल्या कार्यक्रमातले हे पात्र आहे. कार्यक्रमाचे नाव म्हणजे आपले 'बुवा कुक'.

अशा पोशाखाला जपानीत 'किगुरुमी' म्हणतात. 'किरु' म्हणजे अंगात घालणे आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत कापूस भरून शिवलेले खेळणे; या दोहोंतून तो शब्द झाला, आणि कापसाच्या जागी माणूस आला. एनएचकेच्याच 'ओकासान तो इश्शो' (आईच्या सोबतीने) या कार्यक्रमात १९६० ते १९६७ या काळात 'बू फू वू' ही तीन डुकरांची मालिका होती. तिच्यात पोशाखात वावरणारा एक आणि बोलणारा दुसरा, अशी विभागणी होती. कष्टाळू धाकट्या वूचा आवाज होता तेत्सुको कुरोयानागी यांचा, ज्या मराठी वाचकांना 'तोत्तोचान'च्या लेखिका म्हणून जवळच्या आहेत. कुरकुऱ्या थोरल्या बूचा आवाज नोबुयो ओयामा यांचा, ज्यांनी पुढे १९७९पासून डोरेमॉनला आवाज दिला.

ही विभागणी पुढेही रूढ राहिली, आणि तिच्यामागे कारण आहे. जाड मुखवट्याच्या आत धड श्वास घेता येत नाही, तिथे संवाद म्हणणे कठीणच. चेहरा तर गोठलेलाच असतो. म्हणून रुसवा खांद्यांतून आणि आनंद पावलांतून दाखवावा लागतो. हे कौशल्य मला फार मोठे वाटते, आणि त्याची पुरेशी कदर होत नाही असेही वाटते.

वानवान मात्र या रीतीला अपवाद आहे. चो या नावाने ओळखले जाणारे, १९५७ साली जन्मलेले नट पोशाखाच्या आतही असतात आणि त्याच क्षणी बोलतातही. साठी ओलांडल्यावरही त्यांनी हे काम चालू ठेवले. आवाज आधी मुद्रित केलेला असता, तर समोरचे दीड वर्षाचे मूल काय करील हे आधी कळले पाहिजे होते. ते कळणे शक्य नसते, मूल मध्येच उठून चालू लागते, आणि वानवान त्याच्या त्या चालण्यालाच उत्तर देतो.

म्हणून मी आतल्या माणसाला विसरून पाहत नाही, त्याच्यासाठीच पाहतो. वर्गात मी आधी आवाज बंद करून वानवानचा नाच दाखवतो आणि नंतर आवाज सुरू करतो. उड्या थांबवून तो बोलू लागला की त्या मोठ्या डोक्याच्या आतून धाप ऐकू येते, आणि वर्ग एकदम शांत होतो.